दुसरा डाव कोणाचा?

गेल्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या गावी निवृत्तांसाठी एक दिवसाची कार्यशाळा भरली होती. विषय होता 'निवृत्तीनंतरची सामाजिक उद्योजकता'. माझे मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. त्याला आता तीन वर्षे होत आली. त्यांना तिथे जायचे होते, आणि इंग्रजी बोलले गेले तर पंचाईत नको म्हणून त्यांनी मला बरोबर घेतले. इंग्रजी फारसे झाले नाही. परंतु दिवसभर मी जे ऐकले ते मला एखाद्या वाङ्मयप्रकारासारखे वाटले. त्यात नायक ठरलेला होता, त्याचा साक्षात्कार ठरलेला होता, मधल्या अडचणी ठरलेल्या होत्या आणि टाळ्यांचे ठिकाणही ठरलेले होते. वाङ्मयप्रकार म्हटला की त्याची चिकित्सा करणे हे आम्हा मराठीच्या मास्तरांचे काम. ते इथे करायचे आहे.

आधी माझी जागा सांगतो. मी घरातला पहिला पदवीधर. एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. नऊ वर्षे झाली. दरवर्षी नव्याने मुलाखत, उन्हाळ्यात बिनपगारी घरी. ज्याचा पहिलाच डाव अजून धड मांडला गेला नाही त्याने इतरांच्या दुसऱ्या डावाविषयी लिहावे, यात थोडा विनोद आहे हे मला कळते. पण त्या सभागृहात पहिल्या डावाविषयी कोणी बोलतच नव्हते. तो सर्वांचा सुखरूप पार पडलेला आहे असे गृहीत धरून सगळी भाषणे चालली होती. माझी शंका तिथूनच सुरू झाली.

ही कथा आज ज्या रूपात सांगितली जाते ते रूप मुख्यतः अमेरिकेत घडले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ ते १९६४ या काळात, तिथे एक मोठी पिढी जन्मली. तिच्यातले पहिले लोक २००६ साली साठीला पोहोचले. आयुर्मान वाढलेले, प्रकृती धडधाकट, गाठीला निवृत्तिवेतन किंवा बचत. या माणसांनी उरलेली वीस-पंचवीस वर्षे नुसत्या विरंगुळ्यात घालवायची काय, असा प्रश्न मार्क फ्रीडमन यांनी विचारला. २००७ साली त्यांचे 'एन्कोर' हे पुस्तक आले. साठी ओलांडून समाजोपयोगी काम उभारणाऱ्यांना एक लाख डॉलरचे 'पर्पज प्राइझ' देण्यास त्यांच्या संस्थेने २००६ सालीच सुरुवात केली होती. एन्कोर म्हणजे मैफल संपल्यावर श्रोत्यांच्या आग्रहावरून पुन्हा गाणे. शब्दच बोलका आहे. मैफल एकदा झालेली असली पाहिजे, ती रंगलेली असली पाहिजे, आणि पुन्हा गा म्हणणारे श्रोते समोर बसलेले असले पाहिजेत.

आपल्याकडे या कथेचे सर्वांत तेजस्वी उदाहरण म्हणून डॉ. गोविंदप्पा व्यंकटस्वामी यांचे नाव घेतात. कार्यशाळेतही घेतले गेले, आणि ते योग्यच होते. तामिळनाडूतल्या एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरी १९१८ साली जन्मलेला हा माणूस. घरातल्या आणि नात्यातल्या बाया बाळंतपणात दगावलेल्या पाहिल्या म्हणून त्याला बाळंतपणाचा डॉक्टर व्हायचे होते. संधिवाताने हातापायाची बोटे वाकडी झाली आणि ते राहिले. मग नेत्रशल्य शिकला. त्या वाकड्या बोटांना सुरी धरायला शिकवले. सरकारी नोकरीतून ५८ व्या वर्षी निवृत्त झाल्यावर १९७६ साली मदुराईत, घर गहाण टाकून, ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय काढले. ते आज जगातल्या मोठ्या नेत्रसंस्थांपैकी एक आहे. पैसे देणाऱ्यांच्या उत्पन्नातून न देणाऱ्यांची शस्त्रक्रिया होते. १९९२ साली संस्थेने डोळ्यात बसवायची भिंगे स्वतः बनवायला घेतली आणि परदेशी भिंगांच्या मानाने फार थोड्या किमतीत ती मिळू लागली. हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेत या रुग्णालयाचा अभ्यास शिकवतात. डॉक्टर २००६ साली वारले.

यातली एक गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते, आणि भाषणात ती एका वाक्यात उरकली गेली. अरविंदमध्ये फुकट उपचार घेणाऱ्याला गरिबीचा दाखला मागत नाहीत. कोणत्या दाराने आत जायचे ते रोग्याने ठरवायचे. ज्यांनी तहसील कचेरीच्या खिडकीपुढे जातीच्या, उत्पन्नाच्या आणि रहिवासाच्या दाखल्यासाठी उभे राहून बालपण काढले, त्यांना या एका नियमाची किंमत कळेल. आपली गरिबी दुसऱ्याच्या शिक्क्याने सिद्ध करावी न लागणे, हा उपचाराचाच भाग आहे. मोतीबिंदू काढण्याइतकाच.

तेव्हा डॉ. व्यंकटस्वामींच्या कार्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार त्यांच्या कथेच्या सांगण्याविषयी आहे. 'इच्छा असली की साठीतही साम्राज्य उभे राहते', असा तिचा सारांश काढला गेला. पण त्याच चरित्रातले तपशील नीट मांडले तर काय दिसते? नोकरीत असतानाच सरकारी नेत्रशिबिरांच्या कामातून मिळालेला लौकिक. गहाण ठेवण्याजोगे घर. आणि मुख्य म्हणजे भावंडे. बहीण डॉ. नाच्चियार आणि तिचे पती डॉ. नामपेरुमालसामी हे दोघेही नेत्रतज्ज्ञ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. नातलग हे त्यांचे भांडवल होते. आमच्याकडे नातलग म्हणजे जबाबदारी. एक जण नोकरीला लागला की दोन बहिणींची लग्ने, धाकट्याची फी, आजोबांचे औषधपाणी, चुलत्याचे पडलेले घर. मी कोणाच्या मायेला कमी लेखत नाही. परंतु भांडवल आणि जबाबदारी या दोन्हींना 'कुटुंबाचा पाठिंबा' असे एकच नाव देऊन मोकळे होणे, हे समाजशास्त्र नव्हे.

आणखी एक. अरविंदमधला शल्यचिकित्सक एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे वळतो आणि दिवसभरात अचाट संख्येने शस्त्रक्रिया करतो. हे शक्य होते ते खेड्यातून आलेल्या, शाळा संपवून तिथे दोन वर्षे प्रशिक्षण घेतलेल्या तरुण मुलींमुळे. रोग्याला तयार करणे, तपासणे, पट्टी बांधणे, समजावणे, हे सारे त्या करतात. कथेतला नायक साठीचा आणि तिचे पाय विशीच्या मुलींचे. या मुलींचा दुसरा डाव कोणता, असा प्रश्न त्या दिवशी सभागृहात कोणी विचारला नाही. खरे सांगायचे तर मीही विचारला नाही. मला तो परतीच्या बसमध्ये सुचला.

कार्यशाळेत एक छापील पत्रक भरून घेतले. त्यात एक रकाना होता: 'सामाजिक कार्याचा आरंभ (वर्ष)'. मामांनी १९८६ लिहिले. पत्रक गोळा करणाऱ्या तरुणाने नम्रपणे सांगितले, "सर, निवृत्तीनंतरचं वर्ष लिहायचंय." मामा म्हणाले, "८६ लाच लागलो मी नोकरीला." तरुणाला उत्तर कळले नाही. मला कळले. मामांच्या पहिल्या पगारातून धाकट्या मावशीची शाळेची फी गेली, आणि त्यानंतरच्या सगळ्या पगारांत वस्तीतल्या कोणाकोणाचे पाच-पन्नास रुपये होतेच. माझी बी. ए. ची फी, औरंगाबादची खोली, सगळे तिथूनच आले. ज्याला आधी स्वतःपुरते जगायची सोय आहे त्याला समाज नंतर आठवतो. मामांना तशी सोय कोणी दिली नव्हती. त्यांच्यासारख्याच्या आयुष्यात 'आधी स्वतःसाठी, मग समाजासाठी' अशी रेघ मारायची कुठे?

आपल्या परंपरेत निवृत्तीनंतर उभे राहिलेले काम नाही असे मात्र कोणी समजू नये. गोपाळबाबा वलंगकर हे सैन्यातले पेन्शनर. हवालदार म्हणून १८८६ साली निवृत्त झाले आणि दापोलीत राहू लागले. तिथल्या पेन्शनरांच्या वस्तीतून त्यांनी जे काम केले त्याला आज काय म्हणतील? १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहून त्यांनी सवर्णांना अस्पृश्यतेविषयी जाहीर प्रश्न विचारले. 'दीनबंधु' आणि 'सुधारक' यांतून लिहिले. अनार्य दोष-परिहारक मंडळी स्थापन केली. १८९५ साली महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा शेजारी बसण्याच्या प्रश्नावरून सवर्णांचे कपाळ दुखले. १९०० साली ते वारले. चौदा वर्षांचा हा दुसरा डाव. त्यासाठी अक्षरओळख पलटणीने दिली होती आणि धान्य पेन्शनने. हे दोन्ही नसते तर वलंगकर झाले नसते, हे मान्य करायला संकोच कशाला? पुढे १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली. म्हणजे तरण्यांची नोकरी गेलीच, शिवाय त्यांतून पुढे जे पेन्शनर तयार झाले असते तेही गेले. एक भरती बंद झाली की तीस वर्षांनंतरचे समाजकार्य बंद होते, हा हिशेब आपल्या इतिहासकारांनी अजून पुरता मांडलेला नाही.

आज हा हिशेब पुन्हा मांडायची वेळ आली आहे. राज्याने १ नोव्हेंबर २००५ पासूनच्या नव्या भरतीसाठी जुनी निवृत्तिवेतन योजना बंद केली. २०२३ साली त्यासाठी मोठा संप झाला; पुढे काही सुधारणा आल्या. तासिका तत्त्वावरच्या माणसाला यातले काहीच लागू नाही. राखीव जागांमुळे नोकरीत शिरलेली मामांची पिढी ही आमच्या वस्तीतली पहिली पेन्शनर पिढी. ती शेवटचीही ठरेल काय, ही भीती मी इथे उगाच लिहीत नाही.

जोतीरावांनाही हल्ली काही जण 'आद्य सामाजिक उद्योजक' म्हणू लागले आहेत. ते कंत्राटदार होते, बांधकामाला माल पुरवीत, शेती करीत, हे खरेच. पण धंदा आणि समाज ही त्यांची दोन पर्वे नव्हती. दोन्ही एकाच वेळी चालले. १८८८ साली अर्धांगवायू झाला आणि शेवटची दोन वर्षे ओढाताणीत गेली. ज्याने मिळवले तसे वाटून टाकले त्याची उतारवयातली शिल्लक ही. या शेवटाला कार्यशाळेत टाळ्या मिळणार नाहीत.

आता बेबीताई कांबळे यांच्याकडे येऊ. 'जिणं आमुचं' १९८२ साली 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली पुस्तक झाले. पुस्तकात जे नाही ते त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितले. फलटणला नवराबायकोने आधी द्राक्षे विकली, मग भाजी, मग किराणा दुकान झाले. दुकानात पुड्या बांधायला आलेली रद्दी बेबीताई वाचायच्या. लिहायच्याही दुकानातच, आणि लिहिलेले घरच्यांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवायच्या. नवऱ्याचा मारही त्यांनी सांगितला आहे. पुढे त्यांनी फलटणजवळ मागासवर्गीय मुलांसाठी आश्रमशाळा चालवली. सामाजिक उद्योजकतेची कोणतीही व्याख्या घ्या, ही बाई तिच्यात बसते. धंदा आहे, संस्था आहे, साहस आहे, उतारवय आहे. नाही ती निवृत्ती. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या बाईला ५८ व्या वर्षी कोणी हार घालून घरी पाठवत नाही. आणि घरी तरी काय, तिथे चूल आहेच. म्हणून 'दुसरा डाव' या कल्पनेत जसा वर्ग लपलेला आहे तसा पुरुषही लपलेला आहे. ज्याला सायंकाळी 'सुटी' होते त्यालाच एक दिवस 'निवृत्ती' मिळते.

आणि याच ठिकाणी मला आपल्या वाङ्मयाविषयीही तक्रार करायची आहे. बेबीताईंनी दुकान आणि शाळा पुस्तकात का घेतली नाही? त्यांना स्वतःचे नव्हे, समाजाचे जिणे लिहायचे होते, हे त्याचे उत्तर आहे आणि ते मोठे आहे. परंतु एकूण दलित आत्मकथने पाहिली तर बहुतेकांचा भर बालपण, भूक, शाळा, अपमान आणि शिक्षणाची झुंज यांवर आहे. नोकरी लागली की पुस्तक संपत येते. पुढच्या तीस वर्षांत त्या माणसाने पगाराचे काय केले, वस्तीशी नाते कसे ठेवले किंवा तोडले, पन्नाशीनंतर त्याला काय वाटले, याचा तपशील विरळा. 'आयदान' (२००३) मध्ये उर्मिला पवारांनी नोकरी, घर, चळवळ आणि लेखन यांची ओढाताण पुढपर्यंत आणली, म्हणून ते पुस्तक मला या प्रश्नासाठी पुन्हा पुन्हा काढावे लागते. बाकी आपले उतारवय अलिखित आहे. ते आपण लिहिले नाही, म्हणून आज ते दुसऱ्याच्या पत्रकातल्या रकान्यात भरावे लागते आहे.

अर्थात न लिहिण्यामागे संकोचही असेल. मार्च १९५६ मध्ये आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी जी वेदना बोलून दाखवली ती आपल्या प्रत्येक निवृत्ताला ठाऊक आहे. जयंतीला तो स्वतःच ती ऐकवतो. मग संध्याकाळी कॉलनीतल्या कट्ट्यावर बसून गावातली पोरे बिघडली म्हणतो. मी असे अधिकारी पाहिले आहेत की ज्यांच्या दुसऱ्या डावाचा सर्व उद्योग सत्कार स्वीकारणे हाच आहे. काहींनी घर विकून वसतिगृह चालवलेलेही पाहिले. दोघांनाही आपण 'समाजभूषण' म्हणतो. शब्द इतका स्वस्त झाल्यावर हिशेब कोण विचारणार? हिशेब विचारण्याची सवय या नव्या उद्योजकतेच्या भाषेत आहे, तेवढी मात्र आपण निःसंकोच घ्यावी. पैसा कुठून आला, कुठे गेला, कोणाला उपयोग झाला, हे भिंतीवर लिहून लावावे.

मामांनी ते केले. निवृत्तीच्या पैशातून बांधलेल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांची अभ्यासिका आहे. २४ खुर्च्या, तीन वर्तमानपत्रे, स्पर्धा परीक्षांची पुस्तके. अरविंदचे ऐकून आल्यावर त्यांनी फीचे रजिस्टर फाडले आणि दाराशी पत्र्याचा डबा ठेवला. महिना ४०० रुपये. ज्याला जमेल त्याने टाकावे, कोणी पाहणार नाही. एका महिन्यात डब्यात २,६०० निघाले, पुढच्या महिन्यात १,१००. विजेचे बिल आणि पाण्याचे जार धरून खर्च त्याहून जास्त. उरलेले पेन्शनमधून. जमाखर्च दाराआड चिकटवलेला असतो.

पण अरविंदचा हिशेब तिथे जुळतो तसा इथे जुळत नाही, आणि याचे कारण मामांच्या व्यवस्थापनात नाही. पैसे देऊ शकणारे आले तर न देणाऱ्यांचे भागते, हे त्या पद्धतीचे मर्म. पैसे देऊ शकणारी मुले आमच्या गावात वरच्या आळीला राहतात. ती 'त्यांच्या' अभ्यासिकेत येत नाहीत. मामांनी कार्यशाळेत हाच प्रश्न विचारला होता. मार्गदर्शकांनी शांतपणे सांगितले, "सर, वातावरण सर्वसमावेशक ठेवा. महापुरुषांचे फोटो हवे तर आतल्या खोलीत लावा." त्यांच्या बोलण्यात हेटाळणी नव्हती. ते मामांच्या भल्याचेच सांगत होते. एका नेत्रतज्ज्ञाने आपल्या रुग्णालयाला योगी अरविंदांचे नाव दिले, तेव्हा ते कोणाला असमावेशक वाटले नाही, आणि वाटायला नकोच होते. आमच्या भिंतीवरच्या तसबिरीने मात्र बाजार बिघडतो. ही बाजारपेठ जातीने आखलेली आहे, एवढे एक वाक्य त्या दिवसाच्या टिपणांत कुठेही नव्हते.

मामांनी काय केले? मला वाटले होते ते रागावतील. त्यांनी बाबासाहेबांची तसबीर काढून आत लावली. मी भांडलो. ते म्हणाले, "तू लेख लिही. मला बिल भरायचंय." सहा आठवडे भिंतीवर तिचा चौकोनी डाग राहिला. वरच्या आळीची दोन मुले आली, नियमित पैसे टाकू लागली. मग एके दिवशी मामांनीच ती परत बाहेर लावली. का, ते सांगितले नाही. मी विचारले तर "आत ओल लागायली" म्हणाले. दोघांपैकी एक मुलगा यायचा थांबला. दुसरा येतो. तो तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करतो आणि तसबिरीखालच्याच खुर्चीवर बसतो, कारण पंखा तिथे आहे.

हे सगळे लिहून झाल्यावर मी मामांना वाचून दाखवले. मामी आतून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "चोवीस खुर्च्या लिहिल्यास. झाडतं कोण ते लिहिलं नाहीस." अरविंदच्या मुलींविषयी आणि बेबीताईंविषयी एवढे लिहिणाऱ्या माझ्या कागदात मामींचे नाव खरोखरच नव्हते. पहाटे साडेपाचला अभ्यासिका त्या झाडतात, पाणी त्या भरतात, आणि रात्री अकराला कुलूपही त्याच लावतात. मामांचे गुडघे दुखतात. दुसऱ्या दिवशी मामांनी झाडलोटीची पाळी लावून तक्ता दारावर चिकटवला. त्यात पहिले नाव त्यांचे आहे, दुसरे माझे. माझी पाळी रविवारी.